फुंकरीने फिरणारी चाकं: घरच्या वर्कशॉपमध्ये स्केलेटन घड्याळ

माझं पहिलं स्केलेटन घड्याळ, म्हणजे आतली सगळी चाकं उघडी दिसणारं, मृगात चालू झालं आणि आर्द्रा सरायच्या आत बंद पडलं. घर रत्नागिरीजवळ, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. उघडून पाहिलं तर एस्केप व्हीलच्या (ठोक्याठोक्याने सुटणाऱ्या शेवटच्या चाकाच्या) पिव्हटला, म्हणजे आसाच्या बारीक टोकाला, तांबूस गंजाचं कडं धरलं होतं, जोडताना घामेजलेलं बोट लागलं होतं अगदी तिथेच. दाते बरोबर होते, आकडेमोड बरोबर होती. नखाने खरवडून निघेल एवढ्या गंजाने घड्याळ थांबलं होतं.

मग हिशेब मांडला. साडेतीन किलोचं वजन आठ दिवसांत पाऊण मीटरच्या आसपास खाली येतं, आणि तेवढ्या जोरावर घड्याळाला सुमारे १३ लाख ८२ हजार ठोके द्यायचे असतात. एका ठोक्याच्या वाट्याला येणारी ताकद इतकी कमी की घर्षणाला कुठेच सूट नाही. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: पिव्हटवर चढलेलं प्रत्येक चाक तोंडाच्या फुंकरीने फिरलं पाहिजे, आणि ते फिरेपर्यंत पुढच्या भागाला हात लावायचा नाही. खाली जे सांगतोय ते सगळं या नियमाला धरून आहे.

पहिल्या घड्याळासाठी स्प्रिंग घेऊ नका. जुन्या टेबलावरच्या स्केलेटन घड्याळांत स्प्रिंग आणि तिचा उतरता जोर सावरणारा शंकूच्या आकाराचा फ्युजी असतो. दिसायला देखणा, पण घरी बनवायला अवघड. भिंतीवरचं, वजनावर चालणारं, अर्ध्या सेकंदाचा ठोका देणारं घड्याळ करा. वजनाचा जोर आठही दिवस सारखाच राहतो.

आकडे आधी, पितळ नंतर

अर्ध्या सेकंदाचा ठोका म्हणजे तासाला ७२०० ठोके. एस्केप व्हीलला ३० दाते ठेवले तर एका फेरीत ६० ठोके होतात, म्हणजे ते ३० सेकंदांत एक फेरी आणि तासात १२० फेऱ्या करतं. मधलं चाक, ज्याच्या आसावर मिनिटकाटा बसतो, तासाला एकच फेरी मारतं. या दोघांत १२० पट वेग वाढवायचा आहे. मधल्या चाकाला ९६ दाते, त्याने फिरणाऱ्या पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) ८, म्हणजे १२ पट. तिसऱ्या चाकाला ८० दाते आणि एस्केपच्या पिनियनला ८, म्हणजे १० पट. बारा दाहे एकशे वीस. सगळ्यात खाली ड्रमचं (वजनाची दोरी गुंडाळायच्या रुळाचं) मोठं चाक, ९६ दात्यांचं, मधल्या आसावरच्या ८ दात्यांच्या पिनियनला फिरवतं आणि स्वतः १२ तासांत एक फेरी पूर्ण करतं.

मोठ्या चाकाला मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) १ आणि बाकीच्यांना ०.८ घ्या. आसांमधली अंतरं मग अशी येतात: ड्रम ते मधला आस ५२ मिमी, मधला ते तिसरा ४१.६ मिमी, तिसरा ते एस्केप ३५.२ मिमी. तासकाट्याच्या गाडीसाठी (त्याला फिरवणाऱ्या चाकांसाठी) १२ आणि ४८, १५ आणि ४५ अशा जोड्या घ्या. चौपट आणि तिप्पट मिळून बारापट होते आणि दोन्ही जोड्यांची बेरीज ६० असल्याने एकाच मॉड्यूलमध्ये दोघींचं अंतर जुळतं. मॉड्यूल ०.६ ला ते १८ मिमी येतं.

३० मिमी व्यासाच्या ड्रमवर दीड मिमी जाडीची दोरी गुंडाळली तर एका फेरीला सुमारे ९९ मिमी दोरी सुटते. आठ दिवसांच्या १६ फेऱ्या म्हणजे १.५८ मीटर. वजनाला एक फिरती कप्पी लावली की प्रत्यक्ष उतार ७९ सेंमीवर येतो. समोरून पाहताना मिनिटकाटा उजवीकडून फिरायला हवा, तर ड्रम उलट्या दिशेने फिरेल, म्हणून दोरी ड्रमच्या डाव्या बाजूने खाली सोडायची. हे कागदावरच ठरवा. मी एकदा दोरी उजवीकडून सोडली होती आणि रॅचेटचं (चावी देताना ड्रम मोकळा फिरू देणाऱ्या खटक्याचं) सगळं काम पुन्हा करावं लागलं.

आता हे सगळं खऱ्या मापात पुठ्ठ्यावर काढा. मधल्या चाकाची कड ड्रमच्या आसापासून जेमतेम साडेबारा मिमीवर येते आणि ड्रमची त्रिज्या आहे १५, म्हणजे दोघं एकाच पातळीत राहूच शकत नाहीत. मधलं चाक ड्रमच्या पुढून न्यावं लागतं, म्हणून आस धरणाऱ्या पुढच्या-मागच्या दोन पाट्यांमध्ये ५० मिमी अंतर ठेवा. वजन पेंडुलमच्या पुढून उतरतं, तेव्हा त्या दोघांतही किमान १५ मिमी मोकळी जागा हवी.

माल आणि हत्यारं

पाट्यांना ४ मिमी, मोठ्या चाकाला ३ मिमी आणि बाकीच्या चाकांना २ मिमी जाडीचा कडक पितळी पत्रा घ्या. मऊ पत्रा कटरला चिकटतो आणि दात्यावर बुरी ठेवतो. गावात मिळाला नाही तर मुंबईत गुलालवाडीच्या धातूबाजारात तुकड्याने मिळतो, आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट तिथून जवळच आहे. आस आणि पिनियनसाठी सिल्व्हर स्टीलचे (तापवून कडक करता येणाऱ्या पोलादाचे) रूळ घ्या. ते घरी आणल्याबरोबर तेलाचं फडकं फिरवून प्लास्टिकच्या नळीत बंद करा. आमच्याकडे उघडा ठेवलेला रूळ पावसाळ्यात एका रात्रीत ठिपके धरतो.

एक छोटं लेथ, त्यावर बसणारं डिव्हायडिंग हेड (चकती सारख्या भागांत फिरवणारं साधन), बेंच ड्रिल, सोनाराची करवत, बारीक कानशींचा संच, ब्रोच आणि भिंग एवढ्यावर काम होतं. चाळीसास एक वर्म (हँडलच्या ४० फेऱ्यांना चकतीची एक फेरी) असलेलं डिव्हायडिंग हेड असेल तर २४ भोकांचं वर्तुळ असलेली प्लेट शोधा. ९६ दात्यांना दर वेळी १० भोकं पुढे, ८० ना अर्धी फेरी, ४८ ना २० भोकं, ३० ना एक फेरी आणि ८ भोकं, आणि आठाच्या पिनियनला सरळ ५ फेऱ्या. १२ आणि १५ सुद्धा त्याच वर्तुळात बसतात. फक्त ४५ साठी १८ किंवा २७ भोकांचं वर्तुळ लागतं.

पितळाला नवं ड्रिल तसंच लावू नका. ते स्क्रूसारखं आत खेचलं जातं आणि पत्रा हातातून भिरकावतो. ड्रिलच्या दोन्ही धारांची पुढची कड साणेच्या दगडावर जराशी सपाट करून घ्या. ही ड्रिलं वेगळ्या डबीत, फक्त पितळासाठी ठेवा.

पाट्या

दोन्ही पाट्या एकमेकींना दोन पिनांनी जोडून एकत्रच कापायच्या आणि खांबांची भोकं एकत्रच पाडायची. आसांची भोकं मात्र आत्ता पाडू नका. ती गिअरिंग तपासल्यावर. करवतीचे दाते खाली तोंड करून, पात्याला मेण लावून, पातं सरळ उभं ठेवून कापा. रेघेच्या अर्धा मिमी बाहेरून करवत आणि उरलेलं कानसेने. स्केलेटन घड्याळात पाटीची आतली कडही डोळ्यांसमोर असते, म्हणून कोपऱ्यातली कानसेची रेघसुद्धा पुसली गेली पाहिजे. वेलबुट्टी काढायची हौस असेल तर काढा. मला स्वतःला साधी, खाली रुंद आणि वर निमुळती होणारी चौकट आवडते. चाकं तिच्यात मोकळी दिसतात.

चाकं

चकत्या गोल कापून, मध्ये भोक पाडून आर्बरवर (लेथवर धरायच्या दांड्यावर) चढवायच्या आणि लेथवर बाहेरचा व्यास घ्यायचा. पातळ चकती धरायला लाख फार उपयोगी पडते. फेसप्लेट गरम करून तिच्यावर लाख वितळवायची, चकती दाबायची, थंड होऊ द्यायची. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांना लाखेचा रंग चढतो, सोनारही दागिना लाखेत बसवतो. पाश्चात्त्य घड्याळजीही छोटे भाग अशाच लाखेवर धरत आले आहेत.

दाते कापायला सायक्लॉइड आकाराचा, म्हणजे घड्याळाच्या दात्यांच्या वळणाचा, कटर लागतो. तो विकत घ्या, किंवा सिल्व्हर स्टीलचा एकदाती फ्लाय कटर बनवा. पितळात वेग जास्त आणि फीड हळू ठेवा. खोली आकड्यावरून एकदम घेऊ नका. शेजारशेजारच्या दोन खाचा उथळ कापा, मग थोडी थोडी खोली वाढवत न्या. दोन खाचांमधल्या दात्याच्या माथ्यावरची सपाट पट्टी नाहीशी होते तीच पुरी खोली. तिथे स्टॉप लावा आणि ९६ खाचा न थांबता कापा. वीज जाण्याची वेळ असेल तर सुरूच करू नका. अर्ध्यावर थांबलेलं चाक मला एकदाही पुन्हा नीट जुळवता आलेलं नाही.

दाते झाल्यावरच आरे काढायचे. मोठ्या चाकाला सहा, बाकीच्यांना पाच किंवा सहा. आरे बारीक ठेवा, विशेषतः एस्केप व्हीलचे. ते चाक सेकंदाला दोनदा थांबतं आणि पुन्हा सुटतं, त्यामुळे त्याच्या कडेवरचा प्रत्येक फालतू ग्रॅम वजनाच्या जोरातून वसूल होतो.

पिनियन आणि पिव्हट

पिनियन आसासकट एकाच रुळातून काढा. दाते कापून झाल्यावर साबणाचा लेप द्या, म्हणजे तापवताना खवले धरत नाहीत. लाल, पिकल्या रातांब्याहून जरा उजळ रंगावर आलं की उभं धरून पाण्यात बुडवा. आडवं बुडवलंत तर वाकेल. मग घासून चकचकीत करून हळू तापवत निळ्या रंगावर आणा. तो साधारण ३०० अंश सेल्सिअसला येतो. दात्यांमधल्या खाचा बांबूची धार काढलेली काडी, तेल आणि पॉलिशची पावडर घेऊन घासा. कंटाळवाणं काम आहे, पण रात्री रेडिओ लावून एका बैठकीत एक पिनियन होतं.

पिव्हटची मापं अशी ठेवा: ड्रमच्या आसाला ४ मिमी, मधल्याला २, तिसऱ्याला १.२, एस्केपला १. वळून झाल्यावर बर्निशरने (गुळगुळीत, कडक पोलादी पट्टीने) तेल लावून दाबून घासायचं, भिंगातून एकही रेघ दिसता कामा नये. पॉलिश पेपरचे कण पोलादात रुततात आणि मग तेच कण पितळाचं भोक खातात, म्हणून शेवटचा हात बर्निशरचाच. आणि इथून पुढे कुठलाही पोलादी भाग उघड्या बोटांनी धरायचा नाही.

अंतर पट्टीवर तपासून मगच पाटीवर

नवशिक्यांची घड्याळं इथेच बिघडतात. हिशेबाचं अंतर ४१.६ मिमी असलं तरी तुमचा कटर आणि तुमची खोली यांना नेमकं तेच मानवेल असं नाही. पितळाच्या पट्टीवर ४१.५, ४१.६ आणि ४१.७ मिमी अंतरावर भोकं पाडा. चाक आणि पिनियन बसवून बोटाने हळू फिरवा आणि कानाजवळ धरा. खोल बसलं असेल तर दाते कचकचतात, उथळ असेल तर एका दात्यावरून दुसऱ्यावर टपकन पडतात. नेमक्या अंतरावर ते रेशमासारखं सरकतं. मग फुंकर. फिरलं की तेच अंतर कंपासमध्ये धरून पाटीवर उतरवा.

पाट्यांची भोकं पिव्हटपेक्षा बारीक पाडून आतल्या बाजूने पाचधारी ब्रोचने वाढवा. पिव्हट जराशी डुलली पाहिजे आणि आस मागेपुढे ०.२ ते ०.३ मिमी सरकला पाहिजे. बाहेरच्या बाजूला तेलासाठी वाटीसारखा खड्डा करा. आता एस्केपमेंट (पेंडुलमच्या तालावर चाकं पाऊलपाऊल सोडणारी यंत्रणा) सोडून सगळी गाडी जोडा आणि मोठ्या चाकाला बोटाने हलका झटका द्या. शेवटचं चाक भिरभिरत राहून थांबताना किंचित मागे फिरलं, तर गाडी मोकळी आहे. जागच्या जागी अडून थांबलं तर एकेक आस काढून दोषी शोधा. वजन वाढवून चालवू नका. वाढवलेलं वजन दोष झाकतं आणि भोकं लवकर झिजवतं.

एस्केपमेंट

मला सगळ्या घड्याळात हाच भाग जास्त प्रिय आहे. इंग्रज घड्याळजी जॉर्ज ग्रॅहमने १७१५ च्या सुमारास वापरात आणलेलं डेडबीट एस्केपमेंट घ्या. पॅलेटवर (पेंडुलमबरोबर डुलत दाता अडवणाऱ्या तुकड्यावर) दाता थांबलेला असताना चाक मागे ढकललं जात नाही, म्हणून ते शांत चालतं. पॅलेटमध्ये साडेसात दाते धरले तर ३० दात्यांच्या चाकावर तो कोन बरोबर ९० अंश होतो आणि आकृती चौरसात बसते. चाकाची त्रिज्या २५ मिमी घेतली तर चाकाचा मध्य, दोन्ही पॅलेट आणि पॅलेटचा आस हे २५ मिमी बाजूच्या चौरसाचे चार कोपरे. पॅलेटच्या आसाचं चाकाच्या मध्यापासून अंतर मग चौरसाचा कर्ण, ३५.३६ मिमी.

चार्ट पेपरवर दहापट मोठं काढा. पॅलेटच्या थांब्याच्या बाजू पॅलेटच्या आसाभोवतीच्या वर्तुळाचा भाग असतात. २६.०५ आणि २३.९५ अशा दोन त्रिज्या घेतल्या तर पॅलेटची जाडी २.१ मिमी होते, आणि दाता सुटून दुसऱ्यावर पडायला थोडी जागा राहते. धक्का देणारी तिरकी बाजू अशी काढा की दाता तिच्यावरून घसरताना पॅलेट साधारण २ अंश वळेल, आणि दाता थांब्यावर जवळपास १ अंश आत पडेल. दात्यांची पुढची बाजू सुमारे १० अंश झुकवा, म्हणजे फक्त टोक टेकेल. पॅलेट पोलादाचे, कडक केलेले आणि आरशासारखे पॉलिश केलेले हवेत. पॅलेटच्या आसाचं भोक विकेंद्री बुशमध्ये (मध्याबाहेर भोक असलेल्या, फिरवता येणाऱ्या नळीत) ठेवा, म्हणजे अंतर केसभर कमीजास्त करता येतं. मला दर वेळी ते करावंच लागलं आहे.

पेंडुलम आणि आपलं गुरुत्व

१६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशेने पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या केयेनला घड्याळ नेलं, तेव्हा ते रोज अडीच मिनिटांच्या आसपास मागे पडू लागलं. विषुववृत्ताकडे गुरुत्व कमी होतं, हे त्यातून पुढे आलं. कोकणही त्याच दिशेला आहे. इथे १७ अक्षांशाला, समुद्रसपाटीवर, अर्ध्या सेकंदाच्या ठोक्याला २४७.९ मिमी लांबी लागते, लंडनला २४८.५. विलायती आराखड्याच्या लांबीवर लावलेलं घड्याळ आपल्याकडे दिवसाला सुमारे दोन मिनिटं मागे पडतं. घाबरायचं कारण नाही, खालचा नट जेमतेम दीड वळसा वर घेतला की हिशेब मिटतो. फक्त आटे २५ मिमी लांब पाडा.

दांडी पोलादी चालेल. पोलाद दर अंशाला दिवसाला अर्धा सेकंद चुकवतं, पितळ त्याहून बरंच जास्त. समुद्रामुळे आपल्याकडे तापमान फार हेलकावे खात नाही, तेव्हा महागड्या इन्व्हारची (तापमानाने फारशी न वाढणाऱ्या मिश्रधातूची) गरज मला वाटली नाही. दांडीला पारदर्शक लॅकर मात्र द्याच. पेंडुलम जिला टांगतात ती लोंबती स्प्रिंग ०.०५ मिमी पट्टीची, तयार मिळाली तर तीच घ्या. तिच्यावर तेलाचा नुसता हात फिरवा; खारी हवा आधी तिलाच खाते.

वजनासाठी पितळी नळीत शिसं भरा. मिरकरवाड्याच्या बाजूला मासेमारीच्या जाळ्यांचं सामान मिळतं, तिथली शिशाची वजनं आणून फटींत कोरडी वाळू भरली की झालं. वितळवायचा उद्योग करू नका, शिशाचा धूर विषारी असतो. भरण्याआधी डब्यात थोडी थोडी वाळू घालत किती वजनाला घड्याळ नीट चालतं ते पाहा आणि त्याच्या सव्वापट ठेवा. माझं साडेतीन किलोवर आलं. दोरी गळाची विणलेली, तार गंजते.

पॉलिश, लॅकर आणि गोठा

गणपतीच्या आधी घरची भांडी आमसुलाने, चिंचेने लख्ख होतात म्हणून घड्याळाला तो प्रयोग नको. आंबट भोकांत राहतं आणि पोलादाला लागतं. अमोनिया असलेलं पॉलिश तर त्याहून वाईट. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप चिरा पडत, म्हणून त्या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. १९२१ मध्ये उलगडा झाला: तबेल्यांतला अमोनिया, दमट हवा आणि ठोकून ताणलेलं पितळ. तेव्हा घड्याळ गोठ्याला लागून असलेल्या भिंतीवर टांगू नका.

पितळ बारीक पेपर आणि पॉलिशने घासा, अ‍ॅसिटोनने धुवा आणि पाट्यांना पातळ लॅकर द्या. हे काम कार्तिक ते माघात. दमट दिवसात लॅकर दुधासारखं पांढरट होतं. भोकं आणि दाते कोरे ठेवा. काटे निळे करायचे असतील तर पितळाच्या चुऱ्यावर ठेवून सारखे तापवा आणि वर लॅकर द्या. अंकांचं कडं अरुंद ठेवा, नाहीतर मागची चाकं झाकली जातात.

तेल घड्याळाचंच, सुईच्या टोकाने प्रत्येक पिव्हटला थेंबभर. पॅलेटलाही जरासं. दात्यांना आणि पिनियनना मुळीच नाही, तेलात धूळ बसून ती सँडपेपर होते. खोबरेल थंडीत गोठतं, शिवणयंत्राचं तेल पसरून निघून जातं.

टांगणी आणि वेळ लावणं

मागची फळी चांगल्या वाळलेल्या फणसाची. चिऱ्याच्या भिंतीत प्लास्टिकचे प्लग काही दिवसांत सैल होतात. सिमेंटमध्ये लाकडी गुटका बसवून त्यात दोन लांब स्क्रू घ्या. फळी हलली तर एक विचित्र गोष्ट होते. वजन ज्या दिवशी दोरीवर पेंडुलमइतकंच खाली लोंबतं, त्या दिवशी ते पेंडुलमबरोबर झुलू लागतं, त्याची ताकद पिऊन टाकतं आणि घड्याळ थांबतं. चावी दिल्यावर दर आठवड्याला ठरावीक दिवशीच थांबत असेल तर एस्केपमेंट उघडू नका, टांगणी बघा.

टिक आणि टॉक यांतलं अंतर कानाला सारखं लागेपर्यंत पेंडुलमला ढकलणारा काटा अलगद वाकवा. मग रोज ठरलेल्या वेळी मोबाईलच्या घड्याळाशी पडताळा आणि वहीत लिहा. लांबीत १ मिमी फरक म्हणजे दिवसाला १७४ सेकंद. अर्धा मिमी पिचच्या आट्यावर एक वळसा ८७ सेकंद. नटावर दहा रेघा आखल्या तर एका रेघेला पावणेनऊ सेकंद. नट वर घेतला की पुढे, खाली की मागे. एकदा फिरवल्यावर दोन दिवस हात लावू नका.

काचपेटी हवीच, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून. दर तीन-चार वर्षांनी पूर्ण उघडून धुवा आणि नवं तेल द्या. आणि दर वर्षी मृगाच्या आदल्या आठवड्यात पुड्या बदला, भिंगातून लोंबती स्प्रिंग आणि एस्केपचे पिव्हट पाहून घ्या, सुती हातमोजे घालूनच.